गाडी पूर्ण खोलू नका

पत्र असं आहे (थोडं आटोपशीर करून):

"मी मूळचा सांगलीचा, आता बरीच वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. काम सॉफ्टवेअरचं. आमच्या शेजारचे आजोबा मागच्या हिवाळ्यात गेले. त्यांच्या गॅरेजात १९७२ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे वरचं कापडी छत उघडणारी, चौदा वर्षं जागची हललेली नव्हती. आजींनी ती मला अगदी किरकोळ पैशांत दिली. आम्ही चौघांनी ढकलत ती आमच्या गॅरेजात आणली. रंग लाल आहे, पण दारांच्या आतल्या कडेला खालून हिरवा डोकावतो. इंजिन अजून फिरवून पाहिलेलं नाही. दारांच्या खाली पत्र्याला बोट जाईल एवढी भोकं आहेत. ऑफिसमधला मित्र म्हणतो, करायचं तर नीट कर, सगळं खोल, नुसता सांगाडा उरू दे आणि मग एकेक नवं बसव. सीट, गालिचे आणि पुढचा बंपर मी काढले आहेत. हातात पाना धरायची सवय अशी नाही, पण शिकायची तयारी आहे. बायको म्हणते, गॅरेज गेलं, शनिवार-रविवार गेले, आता पैसे जाणार. मे महिन्यात बाबा सहा महिन्यांसाठी येतायत. त्यांच्याकडे सांगलीला अँबॅसॅडर होती आणि ती ते स्वतःच सांभाळायचे. पुढे जाऊ की विकून टाकू? वेल्डिंग शिकू का? आणि गाडीला मूळचा हिरवा रंग द्यावा का?
– एक वाचक, रेडिंग"

नमस्कार.

आधी पाना खाली ठेवा. सीट आणि गालिचे काढलेत ते बरं झालं, खालची जमीन बघायला ते काढावेच लागले असते. बंपरही ठीक. पण आता यापुढे एकही नट, तो का काढतोय हे ठाऊक असल्याशिवाय सोडू नका. तुमच्या मित्राचा सल्ला चुकीचा नाही, तो चुकीच्या माणसाला दिलेला आहे. ज्याच्याकडे मोठं वर्कशॉप आहे, दोन कामगार आहेत, रंगाची खोली आहे, त्याने गाडी सांगाड्यापर्यंत खोलावी. तुमच्याकडे इंग्लंडमधलं घराला चिकटलेलं गॅरेज आहे, म्हणजे साधारण आठ फूट बाय सोळा फूट. एमजीबीची लांबी पावणेतेरा फूट, रुंदी पाच फूट. उभी गाडी तिथे कशीबशी मावते. तीच गाडी खोलली की मावत नाही. दिवाळीच्या साफसफाईला माळा खाली उतरवला की दोन खोल्या भरतात आणि परत वर ठेवताना निम्मं सामान उरतं, तशातला प्रकार. दोन दारं, पुढचे दोन मडगार्ड, बॉनेट, डिकीचं झाकण, इंजिन, गिअरबॉक्स, काचेची चौकट, वायरिंगचा गुंता, आणि खोक्यांमागून खोकी. ही खोकी मग वॉशिंग मशीनवर चढतात, जिन्याखाली जातात. घरगुती रिस्टोरेशन रखडतं ते बहुतेक वेळा कौशल्य कमी पडलं म्हणून नाही. एका शनिवारी माणूस गॅरेजात जातो, आज नेमकं काय करायचं ते त्याला कळत नाही, आणि तो दिवा मालवून परत येतो. असे चार शनिवार गेले की काम संपलं.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. चार चाकांवर उभी, स्टिअरिंग वळणारी, इंजिन जागेवर असलेली एमजीबी कुठल्याही अवस्थेत विकता येते. खोक्यांतली एमजीबी घ्यायला येणारा माणूस भंगाराचा भाव मनात धरूनच येतो, कारण काय हरवलंय ते त्यालाही कळत नाही आणि तुम्हालाही सांगता येत नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की गाडी कायम चाकांवर ठेवा. एका वेळी एक कोपरा, एक यंत्रणा. तो कोपरा पूर्ण जोडून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. इंग्लंडात याला 'रोलिंग रिस्टोरेशन' म्हणतात. शोरूममधल्यासारखी गाडी यातून होत नाही, हे मान्य. पण गाडी होते.

आता तुमच्या हाती काय आलंय ते बघू, कारण विकायचं की ठेवायचं हे त्यावर ठरतं. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं अ‍ॅबिंग्डनला तयार झाली. तुमच्या घरापासून तासाभरावर. पाच लाखांहून जास्त निघाल्या. म्हणजे दुर्मीळ ही गाडी नाही, आणि ही तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. आजही हिचा जवळजवळ प्रत्येक भाग नवा मिळतो, रबरी ग्रोमेटपासून दारापर्यंत. ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने १९८८ मध्ये कारखान्याचे जुने डाय, म्हणजे पत्र्याचे साचे, वापरून एमजीबीची अख्खी बॉडी नव्याने बनवायला सुरुवात केली. पन्नास वर्षांच्या गाडीला असं नशीब क्वचित मिळतं. पण याच मुबलकतेची दुसरी बाजू अशी, की चांगली, चालती, कुणीतरी आधीच पैसे ओतलेली एमजीबी बाजारात सहज मिळते, आणि तिची किंमत बहुतेक वेळा त्या माणसाने ओतलेल्या पैशांहून कमी असते. नफ्यासाठी हे करत असाल तर आजच विका. "शेवटी पैसे वसूल होतील" हे वाक्य बायकोला ऐकवायचा मोह होईल. ऐकवू नका, ते खरं नाही.

(भारतातल्या वाचकांसाठी: हेक्टरवाली एमजी आणि ही एमजी यांच्यात आता नाव आणि अष्टकोनी चिन्ह एवढंच समान आहे. नाव आलं ते ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसवरून.)

आणि बाबांना कळवा की ते येतायत तिथे बॉनेटखाली ओळखीचा माणूस बसलाय. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन आणि अँबॅसॅडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन ही एकाच घराण्यातली, बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सिरीजची भावंडं. तसं पाहिलं तर अँबॅसॅडर स्वतःच मॉरिस ऑक्सफर्डची भारतीय आवृत्ती. तीच पुशरॉडची रचना, तेच हेडवरच्या झाकणाखालचे आठ टॅपेट. नऊच्या बेरजेचा हिशेब बाबांना माहीत असेल: एक नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की आठ नंबरचा टॅपेट लावायचा, म्हणजे त्याची फट जुळवायची; तिसरा दाबला की सहावा. सांगलीत जमत होतं ते रेडिंगलाही जमेल.

पण बाबा यायच्या आधी दोन कामं तुमच्या एकट्याची आहेत.

पहिलं कागदाचं. गाडीचं लॉगबुक, म्हणजे व्ही५सी हे नोंदणीपत्र, तुमच्या नावावर झालंय का? आजोबांनी गाडी रस्त्यावर नसल्याचं, म्हणजे 'सॉर्न'चं, निवेदन दिलेलं असलं तरी ते तुम्हाला लागू होत नाही; गाडी नव्या माणसाकडे गेली की त्याला ते नव्याने द्यावं लागतं. ऑनलाइन आहे, फुकट आहे, पाच मिनिटांचं काम आहे, आणि नाही केलं तर गॅरेजात झोपलेल्या गाडीसाठीही दंडाचं पत्र येतं. पुढे गाडी रस्त्यावर येईल तेव्हा चाळीस वर्षांवरची म्हणून तिला रस्ता कर माफ होईल. पण तो आपोआप होत नाही, 'हिस्टॉरिक' वर्गात नोंद करून घ्यावी लागते. एमओटीची, म्हणजे गाडीच्या वार्षिक सुरक्षितता तपासणीची, सक्तीही अशा गाड्यांना नाही, अट एवढीच की गेल्या तीस वर्षांत गाडीत मूलभूत फेरफार झालेले नसावेत. सक्ती नसली तरी पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा एमओटी करून घ्याच. थोडक्या पैशांत दुसरा जाणता माणूस गाडीखाली जाऊन बघतो, याहून स्वस्त विमा नाही.

दुसरं काम गंजाचं, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुमच्या गाडीचं भवितव्य दारांच्या खाली ठरणार आहे.

एक गोष्ट नीट सांगावी लागते: एमजीबीला वेगळी चासी नाही. पत्र्याचं शरीर हाच सांगाडा. रोडस्टरला तर वर छपरही नाही, त्यामुळे पुढचा भाग आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवायचं काम जवळजवळ सगळं मधला (गिअरबॉक्सवरचा) बोगदा आणि दोन बाजूंच्या दारांखालच्या पेट्या करतात. या पेट्यांना सिल म्हणतात. बाहेरून तुम्हाला दिसतो तो फक्त बाहेरचा पत्रा. त्याच्या आत एक उभा पडदा असतो, त्याच्या आत आतला सिल, आणि खाली किल्ल्याच्या तटासारखे दाते असलेली एक पट्टी, जिला इंग्रज 'कॅसल रेल' म्हणतात. हे चारही मिळून एक पेटी बनते आणि त्या पेटीत ताकद असते. बाहेरच्या पत्र्याला बोट जातंय म्हणजे आतला पडदाही गेलेला असणार असंच धरून चला. गंज इथे आतून बाहेर येतो, बाहेरून आत जात नाही.

तर हातात एक बोथट स्क्रू-ड्रायव्हर, एक छोटा लोहचुंबक आणि एक टॉर्च घ्या. दारांखालून, मागच्या चाकाच्या पुढून, सीटखालच्या जमिनीच्या कडेने टोचत जा. चुंबक चिकटत नसेल तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. लाल रंग कुणीतरी नंतर मारलाय, म्हणजे लांबी सापडणारच, घाबरू नका. पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाकडे नीट पहा. मूळ सिलचा बाहेरचा पत्रा मडगार्डच्या मागे आत शिरलेला असतो. तो मडगार्डच्या कडेलाच संपल्यासारखा दिसला, तर कुणीतरी जुन्या गंजावर नुसतं नवं पत्र्याचं झाकण वेल्ड केलंय. पूर्वी हे सर्रास चालायचं, एमओटीपुरतं भागायचं. असं झाकण असेल तर ते पूर्ण काढावं लागेल.

आता दार उघडा आणि बंद करा. दार आणि मडगार्ड यांच्यातली फट वर आणि खाली सारखी आहे का? वर निमुळती होत असेल, किंवा दार मागच्या बाजूला कड्यात वर उचलून घालावं लागत असेल, तर गाडी मधून वाकायला लागली आहे. सीटमागचं झाकण उघडून बॅटऱ्यांचे दोन कप्पे पहा. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तिथे बसायच्या आणि अ‍ॅसिडने ते कप्पे खाल्लेले असतात. ते गेले असतील तर फारसं बिघडत नाही, नवे मिळतात आणि सहज बसतात. पेट्रोलची टाकी वरच्या बाजूने, जिथे चिखल साठतो तिथे, गंजते. तीही नवी मिळते.

एवढं पाहून झालं की उत्तर तुमच्यापुढे असेल. दारांच्या फटी ठीक आहेत, बोगदा आणि पुढच्या सस्पेन्शनच्या जागा शाबूत आहेत, आणि गंज सिल, जमिनीच्या कडा नि बॅटरीचे कप्पे एवढ्यावर थांबलाय, तर गाडी ठेवा. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं असंच निघेल. चौदा वर्षं ती निदान छपराखाली होती, पावसात नव्हती. फटी वाकल्या असतील आणि गंज मागच्या स्प्रिंगच्या टोकांपर्यंत पोहोचला असेल, तर माझ्या मते सुटे भाग म्हणून ती दुसऱ्या एमजीबीवाल्याला द्या आणि वाचलेल्या पैशांतून चालती गाडी घ्या. नवी हेरिटेज बॉडी आणून सगळं तिच्यावर चढवायचा तिसरा मार्ग कागदावर छान दिसतो. पण तो म्हणजे तुमच्या मित्राचाच मार्ग, वर हजारो पौंडांचं बिल.

वेल्डिंग शिकू का, असं विचारता. शिका. पण सिलवर शिकू नका. सिलचं काम अनुभवी माणसाकडून करून घ्या, मग तो घरी येणारा वेल्डर असो की वर्कशॉप. कारण असं: बाहेरचा सिल कापताच रोडस्टर मधून झुकू शकते, आणि झुकलेल्या अवस्थेत नवा सिल वेल्ड केला तर ती कायमची तशीच राहते, मग जगातलं कुठलंही दार तिला नीट बसत नाही. जाणता माणूस आधी गाडीला तिच्या पुढच्या क्रॉसमेंबरखाली (आडव्या तुळईखाली) आणि मागच्या अ‍ॅक्सलखाली टेकवतो, म्हणजे वजन चाकांवर असतं तसंच राहतं. दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत लोखंडी दांडा आवळतो, फटी मोजून लिहून ठेवतो, एकाच बाजूचं काम हाती घेतो, आणि शेवटचे टाके मारायच्या आधी दार लावून, बंद करून बघतो. त्याला तुम्ही हे सगळं करतोस का म्हणून विचारा. "दांडा कशाला, मी अंदाजाने करतो" असं तो म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा.

त्याच्या आधीचं आणि नंतरचं काम मात्र तुमचं, आणि बिलाचा मोठा भाग तिथेच वाचतो. एमजीबीचे पुढचे मडगार्ड वेल्ड केलेले नाहीत, बोल्टवर आहेत. ते काढणं हे दोन शनिवारांचं काम; गंजलेल्या प्रत्येक बोल्टवर आदल्या दिवशीच भेदक तेल सोडून ठेवा. दाराच्या पट्ट्या, आतलं अस्तर, सिलमागच्या वायरी, पेट्रोलची नळी, सगळं तुम्ही मोकळं करून द्या. वेल्डर गेल्यावर प्रायमर, सीलर आणि सिलच्या पोकळीत पातळ मेण सोडणं तुम्ही करा. मूळ कारखान्याने हे मेण कंजूषपणे वापरलं म्हणून तर हा लेख लिहावा लागतोय.

तुमचं स्वतःचं वेल्डिंग बॅटरीच्या कप्प्यांपासून सुरू होऊ द्या. तिथे टाका वाकडा आला तरी कुणाचा जीव धोक्यात येत नाही. जवळच्या कॉलेजात संध्याकाळचा वर्ग मिळाला तर उत्तम. गॅसवरचं मिग मशीन (तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग यंत्र) घ्या. गॅसविना चालणारं स्वस्त पडतं, पण गाडीच्या पातळ पत्र्यावर ते नवशिक्याला रडवतं. तार ०.६ मिलिमीटरची. गाडीवर जायच्या आधी भंगार पत्र्याचे तुकडे जोडत बसा, जोपर्यंत भोक न पडता टाका बसत नाही तोपर्यंत. आणि घराला चिकटलेल्या गॅरेजात वेल्डिंग करताना: पेट्रोलची टाकी गाडीतून काढून घराबाहेर, बॅटरीच्या तारा सुट्या, आग विझवायचा सिलिंडर हाताशी, आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास तिथेच थांबायचं. गाडीखालचा जुना डांबरी लेप आत धुमसत राहतो आणि तुम्ही जेवायला बसल्यावर पेटतो. घराच्या विमा कंपनीलाही एकदा विचारून ठेवा.

जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही. घोड्या (अ‍ॅक्सल स्टँड) लावल्याशिवाय डोकंच काय, हातही आत घालायचा नाही. हे बाबांनाही सांगा, कारण त्यांच्या पिढीतली माणसं विटांवर गाडी चढवून खाली झोपलेली आहेत.

इंजिन. चावी फिरवून बघायची घाई कुठल्याही परिस्थितीत करू नका. चौदा वर्षांत सिलिंडरच्या भिंतींवर गंजाची पातळ साय आलेली असू शकते. स्टार्टरने जोर लावला तर पिस्टनच्या रिंगा तुटतात. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकातून थोडं पातळ तेल सोडा, आठवडाभर विसरा. मग क्रँकच्या पुलीवरच्या नटाला पाना लावून हाताने हळू फिरवा. फिरलं, तर अर्धी लढाई जिंकलात. जुनं ऑइल काढून नवं २०डब्ल्यू-५० घाला, पण जस्ताचं प्रमाण राखलेलं, क्लासिक गाड्यांसाठीचं. कमी जस्ताचं आधुनिक ऑइल या कॅमशाफ्टला मानवत नाही. प्लग न लावताच स्टार्टरने फिरवा आणि डॅशबोर्डवरच्या ऑइल प्रेशरच्या काट्याकडे पहा. काटा उठला की मगच प्लग आणि पेट्रोल. इंजिन तापून वेगात चालू असताना तो दर चौरस इंचाला पन्नास ते ऐंशी पौंडांच्या दरम्यान असावा.

टाकीतलं जुनं पेट्रोल आता वार्निश झालंय, ते टाकून द्या (नाल्यात नाही, कौन्सिलच्या डेपोत). २०२१ च्या सप्टेंबरपासून ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल ई१० झालंय, म्हणजे त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते जुन्या रबरी नळ्या खातं. नळ्या आर९ दर्जाच्या, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या, बसवा आणि गाडीला सुपर, म्हणजे ई५, पाजा. शिशाचं पेट्रोल तर २००० साली बंद झालं. कधी हेड काढावंच लागलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवून घ्या. त्यासाठी म्हणून आत्ता हेड काढू नका! चावी दिल्यावर मागच्या चाकाकडून टिक-टिक ऐकू यायला हवं. तो एसयू कंपनीचा विजेवरचा पेट्रोल पंप. ऐकू आलं नाही तर त्याचे पॉइंट चिकटलेत. पाना उलटा धरून पंपाला हलकी टिचकी मारणं हा इथला परंपरागत उपाय आहे, आणि तो लागू पडतो.

क्लच दाबूनही गिअर पडला नाही तर प्लेट फ्लायव्हीलला चिकटली आहे. बहुतेक वेळा सुटते. न सुटल्यास इंजिन बाहेर काढावं लागतं, कारण एमजीबीत क्लचसाठी दुसरा रस्ता नाही. त्या दिवशी मला शिव्या द्या.

ब्रेकच्या बाबतीत माझी मवाळ भूमिका संपते. इथे "चालेल" हा शब्द नाही. रबरी होज, चाकांचे सिलिंडर, मास्टर सिलिंडर, पुढचे कॅलिपर, लोखंडी नळ्या, सगळं नवं. ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या त्या काळातल्या बहुतेक एमजीबींना ब्रेकचं एकच सर्किट असायचं. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. नळ्या तांबं-निकेलच्या टाका, त्या गंजत नाहीत. मागचे ड्रम उघडताना काळजी घ्या: जुन्या ब्रेक-शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ब्रिटनने त्यावर पूर्ण बंदी घातली ती १९९९ मध्ये. आतली धूळ फुंकायची नाही, कॉम्प्रेसरने उडवायची तर मुळीच नाही. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. टायरला नक्षी कितीही शाबूत दिसली तरी पाचही बदला.

वायरिंग जमेल तेवढं तसंच राहू द्या. लुकास कंपनीच्या विजेच्या सामानाला इंग्रज 'अंधाराचा राजपुत्र' म्हणून हसतात, पण निम्म्या तक्रारी जमिनीला जोडणाऱ्या तारांच्या गंजलेल्या टोकांच्या असतात. सँडपेपर घेऊन एक रविवार घालवा.

आता घरातला प्रश्न. तुमच्या पत्नीने तीन गोष्टी सांगितल्यात आणि तिन्ही खऱ्या आहेत. तुम्ही त्या मला फक्त कळवल्यात, त्यांची उत्तरं पत्रात दिलेली नाहीत. गॅरेजाबद्दल: त्यांचं जे सामान तिथे होतं त्यासाठी एक भिंत पूर्ण मोकळी करून द्या आणि ती सीमा पाळा. गाडी खोलायची नाही असं ठरलं की हे जमतं. खोललीत की जमत नाही. सुट्यांबद्दल: दोन्ही दिवस नकोत. शनिवार सकाळ ठरवा, दुपारी जेवायला हात धुऊन घरात. पैशांबद्दल: गंजाची तपासणी झाली की वेल्डरचा अंदाज, ब्रेक, टायर, टाकी, एवढं एका कागदावर मांडा, त्यावर तिसरा हिस्सा वाढवा, आणि तो कागद दोघांनी मिळून बघा. तो आकडा त्यांना मान्य नसेल तर गाडी विका. हे मी गंमतीने लिहीत नाही. चाकांवर उभी असतानाच विकलीत तर तुमचं काहीही जात नाही.

बाबांसाठी काम राखून ठेवा. ते उतरल्यावर त्यांच्या हातात द्यायचं ते इंजिन, टॅपेट आणि पुढच्या किंगपिनचं (ज्यांवर पुढची चाकं वळतात त्या खिळ्यांचं) ग्रीसिंग. त्या किंगपिनना दर तीन हजार मैलांना ग्रीस लागतं आणि शेजारच्या आजोबांनी शेवटी कधी दिलं कोण जाणे. गाडीखाली त्यांना झोपवू नका. इंग्लंडातला मे तुम्हाला उबदार वाटला तरी सांगलीहून आलेल्या माणसाला गॅरेजाची फरशी गारच लागते. एक स्टूल आणि हीटर द्या. तुम्ही दोघांनी मिळून काय काय केलं ते एका वहीत तारखेनिशी लिहा आणि काढलेला प्रत्येक भाग काढायच्या आधी फोनवर फोटोत घ्या. नट-बोल्ट पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. "लक्षात राहील" म्हणाल. नाही राहत.

आणि रंग. आत हिरवा दिसतोय तो मूळचा असेलही, मधल्या कुणी मारलेलाही असेल. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या नोंदी आहेत. चासी नंबर कळवून शुल्क भरलंत की ते गाडीचं प्रमाणपत्र देतात, त्यात तयार झाल्याची तारीख, मूळ रंग, ती कुठल्या बाजारासाठी बनली, हे सगळं असतं. ते मागवा, बाबा आले की त्यांनाही वाचायला मजा येईल. रंगाचे पैसे मात्र आत्ता बाजूला काढू नका. सिलचं वेल्डिंग झालं की त्या पट्ट्याला मिळताजुळता लाल मारून घ्या आणि निदान एक उन्हाळा गाडी तशीच चालवा. खड्ड्यांवरून गेल्यावर, पावसात भिजल्यावर राहिलेला गंज कुठे आहे ते ती स्वतः दाखवेल. ते निस्तरून झाल्यावर हिरव्याचं बघा.